गौडा कानडीच बोलायचे

या, बसा. चपला तितंच काढा, हितं लोकर पसरलीया. ज्ञानू गिरनीच्या हापिसात गेलाय, भोंगा झाल्याबिगार यायचा न्हाय. तुमी बी त्याच कामाला आलासा न्हवं? कादंबरीकाराचं बालपन कसं गेलं, त्याला सुचतं कसं, आवडतं काय. मागच्या साली पुन्याचे एक संपादक हेच इचारायला आले व्हते. त्यांनी इचारलं ज्ञानूला, आनि माझ्या घरात रामायन घडलं. तवा तुमी आपलं मलाच इचारा. मी केराबाई, त्याची थोरली भन. काखंत घिऊन वाढवलाय मी त्याला.

आवडीनिवडी आदी सांगून टाकते, म्हंजे कटकट मिटली. जोंधळ्याची कडक भाकरी, शेंगाची चटनी, वर कच्चं तेल. झालं. फुलाचा वास आला की त्याला शिंका येत्यात. चांदन्यात बसला की सर्दी हुती. घाबरतो कशाला इचाराल तर कोंबड्याला.

आनि सुचतं कसं? त्याला काय बी सुचत न्हाय. एक अक्षर न्हाय. त्याच्या पुस्तकात जे जे हाय ते समदं गौडांनी सांगितलेलं हाय. ते बगा, कोपऱ्यात बसल्यात ते गौडा. न्हाय न्हाय, खांबाजवळ ती शेळी, तिचं काय मनावर घिऊ नका. गौडा ते, डाव्या शिंगाचं टोक मोडलंय ते. नमस्कार करा की! थोरामोठ्याम्होरं असं बसत्यात व्हय?

मेंढरू एवढं जगत न्हाय, असं लोकं म्हनत्यात. म्हनू द्यात. आमचा बाप हरिबा, त्यानं दुधनीच्या बाजारातनं गौडांना आनलं तवाच ते म्हातारे व्हते. त्यापुढं किती म्हातारं व्हायचं ते त्यांचं त्यांनी बगावं. आनि व्हय, बोलत्यात. कानडी बोलत्यात. दुधनीच्या बाजारातला मेंढा, कानडीच बोलनार की! मराठी समजती समदी, पन जीभ वळत न्हाय म्हनत्यात.

आमची आई ज्ञानूच्या बाळंतपनातच गेली. बाप लई गप मानूस. धनगराला गप राहून कसं चालंल, सांगा? मेंढरं घिऊन गावोगाव फिरायचं, रातच्याला कुनाच्या तरी रानात ती बसवायची. लेंड्यांचं खत रानाला मिळतं, बदल्यात शेतकरी जोंधळं देतो. पन ते ठरवायला तोंड उघडावं लागतं. आमचा बाप बांधावर उभा ऱ्हायचा, मुंडाशाचा शेव चावायचा आनि परत यायचा. मग गौडाच जायाचे. दुधनीच्या अंगाला बसप्पा म्हनून एक शेतकरी व्हता. त्यो म्हनायचा, "हरिबा, तू नगं येत जाऊ बाबा. गौडांनाच धाड. त्यांचं कानडी चोख हाय, आनि ते लाजत न्हाईत."

सांज झाली की मी आनि ज्ञानू मेंढरांच्या मदी घोंगडं अंथरून बसायचो. गौडा यायचे, पाय दुमडून बसायचे, आनि पयलं इचारायचे, "ऊटा आतेन?" म्हंजे जेवन झालं का. झालं म्हनलं तर गोष्ट. न्हाय म्हनलं तर उटायचे आनि कुनाच्या तरी दारात जाऊन उभे ऱ्हायचे. भाकरी आली की मग गोष्ट. उपाशी पोटाला गोष्ट सांगायची न्हाय, असा त्यांचा नेमच व्हता. एका दुष्काळाच्या साली बाप घोंगडी इकायला गेला त्यो लवकर आलाच न्हाय. ज्ञानू एवढुसा, रडून रडून आवाज बसलेला. तवा कुनी इचारलं न्हाय आमाला, ना सोयऱ्यानं ना धायऱ्यानं. इचारलं ते एका गौडांनी, रोजच्या रोज. आईचा आवाज मला आठवत न्हाय. आठवतो त्यो ह्यो आवाज.

आनि गोष्टी! एक डोंगूर व्हता, त्यो सांज झाली की उटून तळ्यावर पानी प्यायला जायाचा आनि दिवस उगवायच्या आत जाग्यावर यिऊन बसायचा. एकदा त्याला उशीर झाला, तवापासनं त्यो जरा तिरका बसलाय. एक हीर व्हती, तिच्यात उतरलं की तळाला बाजार भरलेला, पन तितं कुनी भाव करायचं न्हाय. लालबी म्हनून एक पिंजारीन व्हती, ती आपली सावली धुऊन दांडीवर वाळत घालायची आनि ती वाळूस्तवर घराभाईर पडायची न्हाय. गौडांनी हे समदं सवता बगितलेलं. सांगायचे बी तसंच, बाजाराला जाऊन आलो म्हनल्यागत.

आता आमचा ज्ञानू. इंग्रजी साळंत गेला, शिकला, गिरनीत कारकून लागला आनि हितल्या, गिरनीजवळच्या शुक्रवार पेठंत आमी ह्या दोन खोल्या घेतल्या. मग एक दिवस म्हनतो कसा, "अक्का, मी कादंबरी लिहितो." मी म्हनलं लिव की. लिवली. नाव काय, तर 'सात शिंगांचा सम्राट'. अंगनात बसून आमाला वाचून दाखवाया लागला. मी लोकर कातत व्हते, गौडा रवंथ करत व्हते.

आगं बया, काय ते! डोंगराचा केलेला मेरू पर्वत. हिरीतल्या बाजाराची पाताळनगरी. लालबीची अप्सरा! मी म्हनलं, "आरं मुडद्या, लालबीला दात न्हवते!" तर म्हनतो, "अक्का, साहित्यात दात लागतात." आनि गौडा? गौडांचा केलेला सम्राट. दोन शिंगांची सात शिंगं. आनि त्यो सम्राट दर पानाला मराठीत वरडतोय, "धिक्कार असो तुझा, नराधमा!" गौडांनी जन्मात कुनाचा धिक्कार केला न्हाय. बसप्पाचं कुत्रं चावलं तवा बी त्यांनी त्याची चौकशीच केली व्हती.

तरी गौडा ऐकत व्हते. शिंगांवर हसले बी वाटतं. पन वाचून झाल्यावर ज्ञानूनं पयलं पान उघडलं आनि वाचलं, "या कादंबरीतील सर्व पात्रे काल्पनिक आहेत." गौडांनी मला इचारलं, काल्पनिक म्हंजे? मी काय सांगनार? जे नव्हतंच ते, असं सांगितलं. गौडांचं रवंथ थांबलं. उटले, कोपऱ्यात गेले, आनि भिताडाकडं तोंड करून बसले. त्या दिवसापासनं मुके झाले बगा. ना कानडी, ना नुसतं बें.

लोकांनी पुस्तक डोक्यावर घेतलं. दुसरं निगालं, तिसरं निगालं. कुटनं? तर गौडांनी सांगितलेलं मला जे जे आठवत व्हतं ते मी सांगायची आनि ह्यो त्याला दात बशिवायचा. शेवटी माझ्याजवळचं बी सरलं. ज्ञानू कोऱ्या कागदाम्होरं बसायचा आनि टाक चावायचा. बाप मुंडाशाचा शेव चावायचा, ह्यो टाक. मला पुस्तकाचं काय न्हाय वो. पन सांज झाली की माझा जीव कासावीस व्हायचा. कातकाम संपायचं, चूल इझायची, आनि केरा, जेवलीस का, म्हनून इचारनारं जगात कुनी उरलं न्हवतं. मी गौडांच्या पाया पडले, भंडारा लावला, कोवळा पाला आनला. पाला खायाचे. बोलायचे न्हाईत.

अशात त्या पुन्याच्या संपादकांचं येनं ठरलं. मासिकात ज्ञानूची मुलाखत छापायची, फोटूसकट. त्या दिवशी उजाडताच मी ज्ञानूला धरलं. म्हनलं, "ह्ये बग. त्यांच्याम्होरं, गौडांना ऐकू जाईल असं सांगायचं, की ह्या गोष्टी कुनाच्या. एवढं एक वाक्य बोल. त्यांचा राग जाईल."

"अक्का, वेडी का तू? पुण्याची माणसं ती. दुधनीच्या मेंढ्यानं सांगितलं म्हणू? तेही कानडीत?"

"कानडीत सांगितलं तर कानडीतच म्हन की!"

"लोक हसतील गं मला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पान्याचा तांब्या घेतला आनि चुलीत वतला. म्हनलं, "जोवर खरं बोलत न्हाईस तोवर ह्या घरात चूल पेटनार न्हाय. बस आता हवा खाऊन." त्यो बी हट्टाचा. बसला.

ते संपादक आले बगा भर उनाचे. मानूस वाईट न्हवता. छत्री, उपरनं, घामानं भिजलेला, गाडीत रातभर झोप न्हाय. मी पानी दिलं, गूळ दिला. गूळ न खाता हातातच धरून बसले. मग इचारपूस सुरू झाली आनि मी दाराआड उभी.

"आपलं बालपण?"

"ग्रंथांच्या सहवासात गेलं," आमचा ज्ञानू सांगतोय. कंचे ग्रंथ? आमच्या पालात पंचांग बी न्हवतं!

"आपली प्रेरणास्थानं?"

"हिमालयाची शुभ्र शिखरं." कुर्डुवाडीच्या पल्याड गेला न्हाय ह्यो. मी आतनं तांब्या आपटला.

"आणि आवडीनिवडी?"

"गुलाबपुष्पं. शरदाचं चांदणं. आहार म्हणाल तर अत्यल्प. कधीकधी मी दिवस दिवस जेवतही नाही, इतका तल्लीन असतो." आनि नेमकं तवाच त्याचं पोट असं गुरगुरलं की संपादकांनी छत्रीकडं बगितलं.

"घरी आणखी कोण?"

"थोरली भगिनी आहे. तिचं विश्व म्हणजे चूल."

कंची चूल! गार पडलीया! मी भाईर जानारच व्हते, पन गौडांकडं नजर गेली. भिताडाकडं तोंड हुतंच, आता डोळे बी मिटले त्यांनी. मग तितंच खाली बसले आनि पदर तोंडाला लावून रडले मी. एवढा जीव लावून मोठा केला पोरगा, आनि त्यानं आमाला दोघांना असं पुसून टाकलं.

मग फोटूवाला बडेसाब आला. ह्योच शेजारच्या बोळातला. त्याचा क्यामेरा तीन पायांचा, वर काळं फडकं, म्होरं पितळंचं झाकन. झाकन काढायचं, मनात काय मोजायचं ते मोजायचं, परत लावायचं. तवर सगळ्यांनी दगूड व्हायचं. बडेसाबनं अंगनात आपला पडदा टांगला. पडद्यावर राजवाडा, तळं, तळ्यात हंस. हंस त्यानंच काढलेले, त्यातल्या एकाला तीन पाय. ज्ञानूला उसना कोट, उसनी पगडी, आनि संपादकांच्या सांगन्यावरनं हातात गुलाब.

गुलाब! त्याचं नाक थरथराया लागलं. मी मनात म्हनलं, बरं झालं, शिंक भाड्या.

"हिलना नको, ज्ञानूभाई," बडेसाब फडक्यातनं वरडला. "हिले तो सब गया! सांस बी नको लेव!"

ज्ञानूनं मान ताठ केली. बडेसाबनं झाकन काढलं. आनि कोपऱ्यात गौडा उटले.

हळू हळू चालत आले, संपादकांच्या पायाजवळनं गेले, आनि राजवाड्याम्होरं, ज्ञानूच्या शेजारी यिऊन उभे ऱ्हायले. बडेसाबचं मोजनं चालूच. ज्ञानू दगडागत, नाकात शिंक, डोळ्यात पानी, हलायची सोय न्हाय. गौडांनी त्याच्याकडं बगितलं. पोटाकडं बगितलं. आनि म्हनाले,

"ऊटा आतेन?"

तोच आवाज. तसाच. मदी एवढी वरसं गेलीच न्हाईत म्हना की.

ज्ञानूनं मान वळवली. फोटू गेला, पगडी गेली, गुलाब खाली पडला. त्याच्या तोंडातनं आधी एक शिंक आली आनि मग शब्द, "इल्ल, गौडा. इल्ल. सकाळधरनं न्हाय." आनि एवढा मोठा गडी, उसन्या कोटासकट खाली बसला आनि गौडांच्या मानंला मिठी मारून हमसाहमशी रडाया लागला.

"क्या ज्ञानूभाई!" बडेसाब फडक्यातनं भाईर आला. "मैं बोल्या था ना हिलना नको!" मग त्याचं लक्ष गेलं. "केराबाई, बकरा बोल्या?"

"बकरा न्हवं, मेंढा," मी म्हनलं. "गौडा म्हन."

संपादक उटून उभे. "हे काय चाललंय?"

ज्ञानूनं नाक पुसलं. आनि मग बोलला, आमच्या बोलीत बोलला, साळंत गेल्यापासनं पयल्यांदा. "संपादकसायेब, ते समदं खोडा. हिमालय खोडा, ग्रंथ खोडा, गुलाब खोडा. मला काय बी सुचत न्हाय. ह्या गोष्टी ह्यांच्या. हे गौडा, दुधनीचे. आमी उपाशी व्हतो तवा ह्यांनी लोकांच्या दारात उभं राहून आमाला जगवलं, आनि वर गोष्टी सांगितल्या. आनि मी लिवलं की हे काल्पनिक. ही माझी भन केराबाई. हिनं ऐकलेलं समदं आठवून आठवून दिलं. मी नुसते दात बशिवले."

मी तवर आत गेले व्हते. चुलीतली वली राख उपसली, गवऱ्या रचल्या, फुकनीनं फुकून फुकून डोळं लाल झालं. धूर व्हता म्हनून बरं, न्हायतर काय रडते ही बाई असं वाटलं असतं लोकांना. दोन पानं मांडली. गौडा दारात यिऊन उभे ऱ्हायले, पानांकडं बगितलं, संपादकांकडं मान केली आनि म्हनाले, "इवंदू आगिल्ल."

"काय म्हणाला तो?" संपादकांनी इचारलं.

बडेसाबला कानडी थोडं येतंय. "बोल्ते, इनका बी नै हुआ."

आता पुन्याचा मानूस, सोवळ्यातला, धनगराच्या घरी जेवनार व्हय? त्यांनी एकदा माझ्याकडं बगितलं. एकदा जानव्याला हात लावला. एकदा गौडांकडं बगितलं. गौडा हललेच न्हाईत दारातनं. मग संपादकांनी उपरनं खुंटीला लावलं आनि बसले. दुसऱ्या घासाला चटनीनं त्यांच्या नाकातनं पानी आलं, तरी परत मागून घेतली. बडेसाब बी जेवला. जेवन झाल्यावर गौडांनी पाय दुमडले आनि त्या तिरक्या डोंगराचं म्होरं काय झालं ते सांगाया घेतलं. मी मराठीत सांगत गेले, ज्ञानू लिवत गेला. संपादकांची गाडी चुकली.

छापून आलं तवा काय लिवलं व्हतं म्हनता? लिवलं व्हतं, ह्या लेखकाची कल्पनाशक्ती अशी अफाट की सवताच्या बालपनाची बी त्यानं अद्भुतकथा केली. कपाळ माझं! मी पुन्याला जाऊन त्यांच्या दारात बसनार व्हते. पन गौडा म्हनाले, "बिडु." जाऊ दे, जेवलाय त्यो मानूस आपल्यात. फोटू मातूर छापला त्यांनी. भिताडावर त्योच हाय, बगा. ज्ञानूला दोन तोंडं दिसत्यात, एक तुमच्याकडं, एक गौडांकडं, आनि दोन्ही पुसट. हंस बी हाय. आनि गौडा कसे लख्ख आल्यात, शिंगाचं मोडल्यालं टोकसुद्धा. नव्या पुस्तकात ज्ञानूनं ते काल्पनिकचं वाक्य छापलंच न्हाय. लालबीचे दात बी काढून टाकले.

तर असं. आता ती वही मिटा की जरा. मी सांगितलं ती काय गोष्ट न्हवं, माझं आपलं गाऱ्हानं झालं. गोष्ट ज्ञानू आल्यावर हुईल, ऱ्हावा की तवर.

अवो, इकडं बगा. उटले बगा गौडा. तुमच्याकडंच याया लागल्यात. लाजू नका, खोटं बी बोलू नका, त्यांना पोटाकडं बगून समजतं.

आता इचारत्यात बगा तुमाला.

"ऊटा आतेन?"